तिरप्या पट्ट्यांच्या तीन गिटारी

"मास्तर, ह्या तिन्हींतली कोणती घेऊ?"

आढाव मास्तर मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे… वाजवण्यासाठी."

"एक आहे ना तुझ्याकडे."

ओजस निमकरने नजर खाली वळवली. समोरच्या सतरंजीवर तीन काळ्या पेट्या उघड्या होत्या आणि तिन्हींत तीन नव्याकोऱ्या गिटारी पहुडल्या होत्या. पुण्याच्या दुकानदाराने ओळखीखातर दोन दिवसांसाठी दिलेल्या. त्यातल्या कुठल्याही एकीच्या किमतीत मास्तरांचं घर पत्र्यांसकट रंगवून झालं असतं.

मास्तर म्हणजे सॅम्युएल आढाव. नगरला लागून भिंगार आहे, तिथे त्यांच्या दोन खोल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दर रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवली आणि उरलेले सहा दिवस शिकवली. ओजस त्यांच्याकडे आला तेव्हा बारा वर्षांचा होता, आता एकोणतिसाचा होता. मधल्या काळात त्याचं नाव झालं. तो एकटा गिटार घेऊन मंचावर बसतो आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात. मास्तरांचा ह्या मुलावर जीव होता, आणि हा मुलगा चार वर्षं फिरकला नव्हता. मास्तरांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्याचा विषय निघाला की ते उठून काहीतरी कामाला लागायचे.

त्या दिवशी तिथे आणखी एक माणूस होतं. सुलभा ताकवले. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर जावयाने दिलेली गिटार पडून राहू नये म्हणून शिकायला लागलेल्या. चौदा महिन्यांत चार कॉर्ड, म्हणजे बोटांच्या चार मांडण्या. मला ही हकीकत त्यांनीच सांगितली. ताई खोटं बोलत नाहीत, फक्त थोडं लांबवतात. लांबवलेलं मी काढून टाकलं आहे.

"ती जुनी आता जमत नाही मास्तर," ओजस म्हणाला.

"गिटार जमत नाही?"

"हात."

मास्तरांच्या हातातली काडी थांबली.

"सकाळी उठलो की डाव्या हाताची पकडच नसते. शर्टाची बटणं एका हाताने लावतो. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत ठणका. डॉक्टरांनी महिनाभर थांबायला सांगितलं, थांबलो. परत वाजवायला घेतली, तिसऱ्या दिवशी तेच. जानेवारीत नऊ गावांत कार्यक्रम आहेत. आणि मला दुसरं काही येत नाही मास्तर. हात गेला तर मी कोण?"

हे तो हसत म्हणाला. सुलभाताई म्हणतात, तसं हसू त्यांनी टपालाच्या खिडकीतून पुष्कळ पाहिलंय. तार वाचून झाल्यावर माणसं असं हसायची.

"आणि ह्यांनी हात वाचेल?"

"हो." आता त्याचा आवाज भराभर चालला. "ह्यांच्या दांडीवरच्या पट्ट्या बघा. आपल्या गिटारीला सगळ्या पट्ट्या आडव्या, एकाला एक समांतर. ह्यांना पंख्यासारख्या उघडलेल्या. जाड तारा लांब, बारीक तारा आखूड, म्हणून पट्ट्या तिरप्या. फक्त सातवी सरळ. हात वरखाली गेला की मनगट मुळात असंच तिरकं होतं, म्हणून त्याच्यावर ताण येत नाही. जगभर लोक ह्याच्यावर आलेत."

मास्तरांनी पहिल्या गिटारीकडे मान तिरकी करून बघितलं. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे.

"सुंदर आहेत रे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "ज्याने केल्या त्याचा हात फार चांगला असणार."

"मग कोणती घेऊ?"

"वाजव."

ओजसने पहिली उचलली. पांढऱ्या स्प्रूसच्या लाकडाची. त्याने डोळे मिटले आणि स्वतःची 'घाट' नावाची रचना वाजवली. ही रचना कार्यक्रमात शेवटी असते आणि लोक तिच्यासाठीच थांबतात. इतकी जलद की बोटं दिसत नाहीत.

मग दुसरी, लालसर सीडरची. पुन्हा 'घाट'.

मग तिसरी, सगळीच्या सगळी महोगनीची. पुन्हा 'घाट'.

सुलभाताईंनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी जरा हळू.

ओजसने गिटार खाली ठेवली आणि डावा हात मांडीखाली दडपला. ठणका लागला होता.

"हं?" त्याने विचारलं.

"तिन्ही सारख्या वाजल्या," मास्तर म्हणाले.

"सारख्या?" त्याला ते लागलं. "मास्तर, तिन्हींचं लाकूड वेगळं. तारांची लांबी वेगळी. पट्ट्यांचा तिरपेपणाही कमीजास्त आहे. सारख्या कशा वाजतील?"

"तेच मला कळेना. तू चार वर्षांपूर्वी इथे येऊन वाजवलंस, तेव्हाही असंच वाजलं होतं. ती तर माझी गिटार होती. दांडी वाकलेली."

"म्हणजे मी कशावरही चांगलं वाजवतो, असंच ना?" ओजस हसला. अभिमान त्याला शोभायचा, कारण तो खरा होता. "ह्या चार वर्षांत माझी एक तार खरखरलेली नाही मास्तर. एकसुद्धा. हवं तर सगळे कार्यक्रम ऐका."

मास्तरांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"गिटारीचं तोंड कुणीकडे असतं?"

"पुढे."

"आणि तू?"

"मागे."

"मग ती बोलते समोरच्याशी, आणि निवडतोस तू… पाठीकडून."

ओजसने खाली ठेवलेल्या गिटारीच्या तोंडाकडे बघितलं.

"उठ. इकडे माझ्याजवळ येऊन बस. सुलभाताई, तुम्ही तिकडे बसा आणि वाजवा."

सुलभाताई म्हणतात, त्या जागेवरून हलल्याच नाहीत. जन्मात कधी एवढ्या महागाच्या वस्तूला हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं नको. काही झालं तर माझी सगळी पेन्शन भरपाईत जाईल."

"काही होत नाही. तुमची ती संथ चाल वाजवा. चारही कॉर्ड आहेत तिच्यात."

"चौथा वेळेवर येत नाही हो."

"न येऊ दे. तुम्ही वाजवा."

ताई बसल्या. पहिली गिटार मांडीवर घेतली, जशी लेकीचं बाळ पहिल्यांदा घेतलं होतं तशी, कोपर अंगाशी घट्ट धरून. दांडीकडे बघितलं आणि घाबरल्या.

"ह्या वाकड्याच आहेत की सगळ्या. बोट ठेवू कुठे?"

"बघू नका. ठेवा. आपोआप पडेल," ओजस म्हणाला. आता तो जरा उदार झाला होता. कुठे बसायचं, कुठे धरायचं, त्याने सगळं सांगितलं.

"माझ्या चालीला केपो लागतो. दुसऱ्या पट्टीवर," ताई म्हणाल्या.

केपो म्हणजे तो चिमटा, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा. ओजसच्या खिशात असतोच. त्याने काढला, सराईतपणे दुसऱ्या पट्टीमागे लावला आणि म्हणाला, "हं, वाजवा."

ताईंनी तारांवरून अंगठा फिरवला.

खर्रर्र.

जाड तारा पार फाटक्या आवाजात बोलल्या. ओजसने चटकन केपो काढून परत लावला, जास्त घट्ट. परत खर्रर्र. तो खाली वाकला, तारा तपासू लागला, म्हणाला, "सेटअप नीट केलेला नाही दुकानाने. एवढी महाग वस्तू आणि…"

"अहो, मला काही कळत नाही," सुलभाताई म्हणाल्या, "पण पट्ट्या तिरप्या आहेत ना? मग हा चिमटा सरळ लावून कसा चालेल?"

ओजसने केपो काढला. तिरपा करून लावला. ताईंनी अंगठा फिरवला. आवाज स्वच्छ आला.

मास्तर इतके हसले की त्यांना खोकला आला. ओजसचे कान लाल झाले. मग तोही हसला, आणि ताई सांगतात, त्या घरात आल्यापासून तो तेव्हा पहिल्यांदा नीट हसला. सतरा वर्षं सरळ लावलेला हात तो. गिटार तिरपी घेतली तरी हाताला कोण सांगणार?

ओजस परत मास्तरांजवळ येऊन बसला. ताई वाजवू लागल्या.

पहिल्या गिटारीवर त्यांची चाल चमकली. प्रत्येक सूर टोकदार. पण ताईंची बोटं चौथ्या कॉर्डपाशी पोचायच्या आत आधीचा सूर विरून जायचा आणि मध्ये भोकं पडायची. ताईंना ओशाळल्यासारखं झालं.

मास्तरांनी दुसरी दिली. ओजसने केपो लावला. तिरपा.

ताईंनी पहिला कॉर्ड वाजवला आणि बोटं उचलायला घेतली. एक बोट निघालं, दुसरं अडखळलं, तिसऱ्याने वाट चुकून चौथ्याची जागा घेतली, सगळी मिळून परत निघाली. एवढा वेळ मोकळ्या तारांवर तो आवाज हवेत होता. जरासुद्धा घाई न करता. ताई पोचल्या, तेव्हा कुठे तो गेला.

ओजसने मान उचलली.

तो पुढे सरकला. हात मांडीखालून निघून कधी गुडघ्यावर आला, त्याला कळलं नाही. ताईंनी चाल संपवली आणि त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, कारण ती चाल संपलेली त्यांनी चौदा महिन्यांत फार वेळा ऐकली नव्हती.

तिसरी गिटार भारदस्त होती, पण तिचा आवाज लाकडातच बसून राहायचा.

"दुसरी," ओजस म्हणाला.

"का?"

"ती थांबते मास्तर. ताईंची बोटं पोचेपर्यंत थांबते. मी वाजवताना हे मला ऐकूच आलं नाही. मी थांबायला जागाच देत नाही."

"मग ठरलं."

"ठरलं."

ताईंनी ती गिटार पेटीत ठेवली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिच्यावरून हात फिरवला. चहा झाला. ओजसने कप उजव्या हातात धरला होता, डावा नुसता खाली लटकत होता. मास्तरांचं लक्ष त्या हाताकडे होतं.

"मास्तर…"

"हं."

"हिच्यावर माझा हात राहील ना?"

त्याने हे अगदी हळू विचारलं. ताई म्हणतात, त्या वेळी तो पुण्याचा मोठा कलाकार वगैरे काही नव्हता. बारा वर्षांचाच होता.

मास्तर उठले. मोरीपाशी गेले, मेथीने हिरवे झालेले हात धुतले, पंच्याला पुसले. परत येऊन ओजसच्या डाव्या बाजूला अगदी खेटून बसले. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केली आणि आपला उघडा हात ओजसच्या समोर धरला, गिटारीची दांडी असते तसा.

"वाजव."

"काय?"

"घाट."

"तुमच्या हातावर?" ओजस हसला.

मास्तर हसले नाहीत.

"पहिल्यापासून. एक सूर गाळायचा नाही."

मास्तरांनी सांगितलं की करायचं, हे त्या घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. ओजसने डावा हात त्यांच्या हाताभोवती घातला, अंगठा मागे, बोटं पुढे. उजवा हात हवेतच राहिला. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

खोलीत आवाज काहीच नव्हता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तेवढीच.

पण ओजसला सगळं ऐकू येत असणार. त्याची मान हलत होती. बोटं मनगटाकडून कोपराकडे धावत होती, परत येत होती, मध्येच सगळी एकदम घट्ट बसत होती. अवघड जागा आली की त्याचा जबडा आवळायचा.

ताई मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

पहिल्या मिनिटाला मास्तरांच्या कपाळावर आठी आली. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी ओठ मिटून घेतले. त्यांच्या पुढे धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडत चालली होती. ताई काही बोलणार तेवढ्यात मास्तरांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. ताई थांबल्या. ओजस 'घाटा'च्या शेवटच्या चढणीला लागला, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं ताईंनी पाहिलं.

"अरे सोड," ताई म्हणाल्या. "मास्तरांचा हात बघ."

ओजसने डोळे उघडले.

मास्तरांचा हात त्याच्यासमोर होता. एकाहत्तर वर्षांची कातडी ती, कागदासारखी पातळ. तिच्यावर बोटांचे खड्डे उमटले होते. लाल, खोल, चार-चारच्या ओळींत. दोन-तीन जागा निळ्या व्हायला लागल्या होत्या. मागच्या बाजूला अंगठ्याचा एक मोठा डाग होता.

"हे मी केलं? मास्तर, ओरडायचं तरी."

मास्तरांनी हात मागे घेतला नाही.

"मला कळलंच नाही. मी नेहमीसारखंच… एवढंच धरतो मी. तार खरखरू नये म्हणून. एवढंच धरतो."

ताई आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. ओजसने त्यांच्या हातातून घेतली. तळव्यावर तेल ओतलं, जास्तच ओतलं, थोडं मेथीत सांडलं. मग तो मास्तरांचा हात मांडीवर घेऊन चोळू लागला.

डाव्या हाताने. उजव्याने त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं.

तो एकेका खड्ड्यावरून बोट फिरवत होता, इतक्या हळू की खालची कातडीसुद्धा हलत नव्हती. मनगटापासून कोपराकडे, कोपरापासून मनगटाकडे. जिथे निळं झालं होतं तिथे बोटाचं नुसतं टोक लावून थांबत होता. मग पुढे जात होता.

"मी चार वर्षं आलो नाही," तो म्हणाला. "आलो तर हे करून ठेवलं."

"दुखतंय का?" मास्तरांनी विचारलं.

ओजसला कळलं नाही. "हे मी तुम्हाला विचारायचं मास्तर."

"मी तुला विचारतोय."

ओजसने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मनगट सैल होतं. अंगठा कुठेच टेकलेला नव्हता. बोटं तेलाने चमकत होती आणि आपापली, निवांत चालली होती.

"नाही," तो म्हणाला.

त्याची बोटं जागच्या जागी थबकली. ती दुसरी गिटार समोर पेटीत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. गिटार घ्यायला तो अर्धवट उठलासुद्धा.

मास्तरांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि आपला हात परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"ती उद्या… आज एवढंच वाजव."